सर, पोरांना एकदा गल्ल्यावर बसवा

प्रति,
मराठवाड्यातल्या वाणिज्य महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि अभ्यास मंडळांवरचे प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी कामाला माणूस हवा म्हणून मी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला चार ओळी टाकल्या. अकरा जण आले. नऊ बी.कॉम., दोन बीबीए, सगळे तुमच्याच हाताखालून गेलेले. लातुरात मी दुकानदारांच्या ऑनलाइन जाहिराती लावायचं काम करतो, म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. समजा साडीच्या दुकानाची तीन हजारांची जाहिरात इन्स्टाग्रामवर चालवली. पैसे वसूल झाले की पाण्यात गेले, कसं ओळखाल?

सात जणांनी व्ह्यूज सांगितले. दोघांनी फॉलोअर. एकानं विपणनाची व्याख्या न अडखळता म्हणून दाखवली, तीही इंग्रजीत. चाकूरकडच्या एका मुलीनं मात्र मलाच विचारलं, "आधी हे सांगा सर, एका साडीमागं त्यांना सुटतंय किती?"

ती दुसऱ्या दिवसापासून कामावर आहे. हे कुठं शिकलीस विचारलं तर म्हणाली, मामाच्या किराणा दुकानात सुट्टीत गल्ल्यावर बसायचे. पदवीच्या तीन वर्षांत जे बाकीच्या दहा जणांपर्यंत पोचलं नाही, ते हिला मामाच्या गल्ल्यावर मिळालं. म्हणून हे पत्र.

माझी ओळख सांगतो, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. माझे वडील पेंटर. गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या निम्म्या रस्त्यांवरच्या पाट्या एके काळी आपल्या हातच्या होत्या असं ते सांगायचे. मी त्यातलं निम्मं खरं धरतो. खडूत बुडवलेली दोरी भिंतीवर मारून रेघ पाडायची आणि मग बियाणं, पाईप, सिमेंट, विडी जे असेल ते रंगवायचं, हिशेब फुटावर. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव. मग शहरात फ्लेक्सची मशीन आली आणि दोन-तीन वर्षांत घरातले ब्रश वाळून गेले. वडलांनी मशीनचा राग धरला, मी त्याच मशीनवाल्याकडं डिझाईन शिकायला गेलो. वर्षभर घरात अबोला होता. पुढं फ्लेक्स वाढदिवसांनी आणि 'भावी' लोकांनी खाऊन टाकला. दुकानदार तिथून हळूच निघाला, कारण त्याचं गिऱ्हाईक मान खाली घालून मोबाईल बघत चौक ओलांडायला लागलं होतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओचा फुकट डेटा आला. लोकांना पाण्याची रेल्वे आठवते. आमच्या धंद्याला त्या वर्षानं काय केलं, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही.

तर एका घरात, एका पिढीत, जाहिरातीचे तीन धंदे झाले. ब्रश गेला तसं वडलांचं अक्षर गेलं. फ्लेक्स मागं पडला तसं माझं कोरलड्रॉ, म्हणजे फ्लेक्सची डिझाईन करायचं सॉफ्टवेअर, निम्मं बिनकामाचं झालं. पण वडलांना कुठल्या दुकानाची पाटी कुठल्या अंगाला तोंड करून लावायची, हे कळायचं. एसटी स्टँडवरून येणारा खेड्यातला माणूस कुठून वळतो, हे त्यांना माहीत होतं. त्या एका गोष्टीवर माझं आजही पोट चालतं.

आता हिशेब. तो मी मुद्दाम मांडतोय, कारण तो बी.कॉम.चाच आहे. जाहिरातीचे 3,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 540, एकूण 3,540. जाहिरात बघून 120 जणींनी व्हॉट्सॲपवर विचारलं असं धरा. 30 जणी दुकानात आल्या, 12 जणींनी साडी घेतली. एक गिऱ्हाईक 295 रुपयांना पडलं. साडीमागं 400 सुटत असतील तर चाललंय, चालू द्या. 280 सुटत असतील तर दर साडीमागं पंधरा रुपये खिशातून जातायत आणि मालक मात्र "गर्दी वाढलीय" म्हणून खूश. पण दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल आणि जाहिरातीच्या खात्यात दुकानाचा जीएसटी नंबर भरलेला असेल, तर ते 540 इनपुट क्रेडिटमध्ये धरता येतात, म्हणजे दुकानानं भरायच्या जीएसटीतून वजा होतात. गिऱ्हाईक 250 ला पडतं आणि तीच जाहिरात तोट्यातून फायद्यात येते. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्क्यानं जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, ही सवलत नाही, त्याचं गणित वेगळं मांडावं लागतं.

माझ्याकडं येणाऱ्या दुकानदारांपैकी बहुतेकांच्या खात्यात तो नंबर भरलेलाच नसतो. भाच्यानं किंवा शेजारच्या पोरानं मोबाईलवरून खातं उघडून दिलेलं असतं आणि ते पोरगं हमखास बी.कॉम.ला असतं! त्यानं जीएसटीचा पेपर दिलाय, कॉस्टिंगचा दिलाय, मार्केटिंगचाही दिलाय. हे तिन्ही पेपर एकाच दुकानात, एकाच दुपारी समोर येतात, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही.

आणि ज्यांनी विचारलं पण घेतलं नाही, त्या 108 जणींचं काय? माझ्या अनुभवात साडीची विचारपूस रात्री नऊ ते अकरा या वेळात येते, जेवणंखाणं उरकल्यावर. दुकान नऊला बंद. उत्तर जातं दुसऱ्या दिवशी अकराला, झाडलोट, अगरबत्ती झाल्यावर. तोवर त्या बाईनं दुसरीकडं विचारलेलं असतं. या रोगावर जाहिरातीचं औषध नाही. रात्री तासभर फोन हातात धरणारं माणूस लागतं, आणि हीसुद्धा एक नोकरी आहे. आमच्याकडं औशाची एक ताई घरी बसून तीन दुकानांचं हेच काम बघते.

पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणाऱ्या बूस्ट नावाच्या बटणानं तर मराठवाड्यातले किती पैसे गिळले असतील, देव जाणे. एक भांड्यांचे व्यापारी आले होते. म्हणाले, "भाऊ, लई लोकं बघूलालेत, पण दुकानात कुणीच येईना." बघितलं तर जाहिरात अख्ख्या महाराष्ट्राला लावलेली आणि उद्देश निवडलेला लाईक-कमेंटचा. यंत्राला जे मागाल ते ते शोधून आणतं. लाईक मागितले तर लाईक करणारी माणसं आणतं, आणि दिवसभर लाईक करत बसणारा माणूस लातुरात येऊन पातेलं घेईल याचा काय भरवसा! त्यांचा पत्ता, दुकानाची वेळ, फोटो गुगलच्या नकाशावर नव्हतेच. ते फुकट असतं. आधी ते भरलं, मग दुकानाभोवती वीस किलोमीटरचा गोल आखला, मग पैसे लावले.

या गोलाचीही गंमत असते. उदगीरच्या दुकानाभोवती गोल जरा मोठा केला की कर्नाटकातलं कमालनगर आत येतं. तिकडची माणसं उदगीरच्या बाजाराला येतात, मराठी समजतात, पण घरात कन्नड बोलणारीही आहेत. खुद्द उदगिरात दखनी बोलणारी वस्ती मोठी. एकाच कापडाची जाहिरात दोन बोलींत केली तर काय होतं, हे पुण्यातल्या एजन्सीला सुचणार नाही. तुमच्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरच्या पोराला सुचेल, कारण तो ती बोली घरी बोलतो.

लिलावाबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. गुगलनं 2000 साली ॲडवर्ड्स ही जाहिरातींची सेवा सुरू केली तेव्हा जाहिरातदार होते फक्त 350. आज मोबाईलवर दिसणारी बहुतेक प्रत्येक जाहिरात त्या क्षणी झालेल्या लिलावातून येते. पोरांना वाटतं, ज्याचा पैसा जास्त त्याची जाहिरात वर. तसं नसतं. गुगल लिलावातल्या बोलीसोबत जाहिरातीचा दर्जा बघतं. शोधणाऱ्यानं जे विचारलं त्याच्याशी ती जुळते का, लोक त्यावर बोट ठेवतील का, पुढं उघडणारं पान कामाचं आहे का. फेसबुक-इन्स्टाग्रामवर बोली, समोरचा माणूस अपेक्षित कृती करेल याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा, असं तिन्ही मिळून ठरतं. आडत बाजारात वाढलेल्या पोराला हे समजवायला मला दोन मिनिटं लागतात. सोयाबीनला 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव उतरतो ना? तसाच जाहिरातीचाही ओलावा मोजला जातो. माल कोरडा असेल तर छोटा दुकानदार कमी पैशात मोठ्याच्या शेजारी दिसू शकतो. लातूरच्या मोंढ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वर्गात हे शिकवायला परदेशी केस स्टडी कशाला लागते?

क्लासेसचं उदाहरण घ्या, आपल्याकडं त्यांना तोटा नाही. गुगलवर 'नीट' हा शब्द मोकळा सोडून जाहिरात लावली की नीटचा निकाल शोधणारा, फुकट पीडीएफ शोधणारा, मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका शोधणारा, सगळे तुमच्या पैशानं क्लिक करून जातात. त्यावर उपाय साधा आहे. 'फ्री', 'पीडीएफ', 'रिझल्ट' असे शब्द नको म्हणून यादीत टाकायचे. ही यादी कोण करेल? पालक फोन करून काय विचारतात हे ज्यानं काउंटरवर बसून ऐकलंय तो. संगणकाची पदवी तिथं लागत नाही.

दुसरं, ऋतू. मुंबई-पुण्याच्या कॅलेंडरवर जुलैत मान्सून सेल असतो. आमच्याकडं जुलैत माणूस आभाळाकडं बघत असतो. पहिलं पेरलेलं उगवलं नसेल तर दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीनं आणत असतो. त्या वेळी सोफ्याची जाहिरात लावणं म्हणजे पैशाला चूड लावणं. सोयाबीन विकलं गेलं, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की गल्ला हलतो. एका मोठ्या शोरूमचे मालक बाहेरच्या एजन्सीला महिन्याला ठरावीक पैसे देत होते आणि ती एजन्सी बाराही महिने सारखीच जाहिरात चालवत होती. मी फक्त जून ते ऑगस्टचे पैसे कापून ऑक्टोबरनंतर टाकले. यात माझी हुशारी काही नाही, हे माझ्या आजीनंही सांगितलं असतं.

या सगळ्यानं भलंच झालं असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी दुकानदाराच्या जाहिरातीचा रुपया पेंटरला, पाम्प्लेट छापणाऱ्याला, भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षावाल्याला, गावातल्या दैनिकाला जायचा. तो गावातच फिरायचा. आता त्यातला मोठा वाटा दोन-तीन परदेशी कंपन्यांकडं जातो. सरकारनं 2016 मध्ये अशा जाहिरातींवर 6 टक्के समानीकरण शुल्क लावलं होतं, ते 1 एप्रिल 2025 पासून काढून टाकलं. का लावलं आणि का काढलं, यावर तुमच्या अर्थशास्त्राच्या तासाला छान भांडण लावता येईल. लावा. मलाही ऐकायला आवडेल.

कायद्याचं तर कुणी नावच काढत नाही. आपल्या शहरात एकाच गुणवंताचा फोटो तीन-तीन क्लासच्या बोर्डांवर झळकलेला सगळ्यांनी बघितलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवड झाल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरायचा नाही, त्यानं कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून की फुकट, हेही सांगायचं. 'हमखास निवड' वगैरे बंद. क्लासची जाहिरात बनवणारी पोरं तुमचीच. त्यांना या सूचना माहीत नाहीत, आणि त्यांच्या मालकांना माहीत असून नसल्यासारख्या आहेत.

रील करणाऱ्या पोरांचंही तेच. एखाद्याचे चाळीस-पन्नास हजार फॉलोअर झाले की हॉटेलवाला थाळी देतो, मोबाईलवाला मोबाईल देतो. पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक केलं तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेनं हे 2021 पासून सांगितलंय, सरकारनं जानेवारी 2023 मध्ये पुन्हा बजावलंय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे आणि तो शिफारस करणाऱ्यावरही बसू शकतो. अशा कामात वर्षाला 20,000 च्या वर किमतीची वस्तू मिळाली तर 10 टक्के टीडीएसचा नियम 2022 पासून आहे. मी हे एका पोराला सांगितलं तेव्हा तो घाबरून म्हणाला, "मोबाईल तर मी बहिणीला देऊन टाकला." पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात करणाऱ्याला 2025 च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 50 लाखांपर्यंत दंड ठेवलाय. आपल्या भागातल्या किती पोरांनी आधीच्या काळात असल्या ॲपची रील केली होती, ते तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर विचारा. टीडीएस आणि ग्राहक कायदा हे दोन्ही विषय तुमच्याकडं शिकवले जातात. उदाहरण फक्त जुनं आहे.

नोकऱ्यांचं बोलतो आणि संपवतो. पोरं पुण्याला जातात, तीन-चार महिन्यांचा कोर्स करतात, पाच आकडी फी भरतात. आईचे दागिने ठेवून फी भरलेला एक मुलगा माझ्याकडं आला होता. 'शंभर टक्के जॉब' असं सांगितलं होतं त्याला. हातात सर्टिफिकेट होतं, पण खऱ्या दुकानाचे खरे पैसे त्यानं एकदाही लावलेले नव्हते. नकली खात्यावर सराव झालेला. पाचशे रुपये स्वतःच्या खिशातून लावून ते बुडताना बघितल्याशिवाय हे काम येत नाही.

आणि आता ज्या कामावर अशी पोरं सुरुवातीला जगायची, तेच काम आटत चाललंय. महिन्याला पंधरा पोस्ट, सणाच्या शुभेच्छा, दुकानाचा लोगो, मालकाचा फोटो, असं पॅकेज असायचं. 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, पाठोपाठ चित्रं करणारी साधनं आली, आणि आता दुकानदार स्वतःच गुढीपाडव्याची पोस्ट दोन मिनिटांत करतो. गुढी उलटी येते कधी कधी, पण त्याला चालतं. माझ्याकडचे दोन डिझायनर मी कमी केले, हे सांगताना मला बरं वाटत नाही. वडलांना मशीननं जे केलं तेच मी त्यांना केलं. नुसती पोस्ट बनवता येणाऱ्याला पुढच्या काळात किती काम राहील, मला शंका आहे. व्यापाऱ्याच्या वहीत डोकं घालता येणारं पोर मात्र मला शोधूनही सापडत नाही.

म्हणून मागणं. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलंय, त्याला क्रेडिट आहेत. ते बऱ्याच ठिकाणी ओळखीच्या दुकानाच्या शिक्क्यावर कसं उरकतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो शिक्का बंद करा. दोन-दोन पोरं एका दुकानाला जोडून द्या, पूर्ण सत्रभर. रोज काय विचारलं गेलं, काय विकलं गेलं, काय परत आलं, जाहिरातीला किती गेले, एवढं वहीत लिहू द्या आणि तोंडी परीक्षा त्या वहीवर घ्या. प्रत्येक गटाला कॉलेजनं पाचशे रुपये खरे द्यावेत, खऱ्या जाहिरातीला. बुडाले तर बुडाले. एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या खर्चात असे किती गट बसतील बघा.

दुकान मिळत नसेल तर बचत गट घ्या. आपल्याकडच्या बाया येसर करतात, धपाट्याचं पीठ करतात, त्यांना पाकिटावर काय लिहावं इथपासून मदत लागते. पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर, तिन्ही लातूर जिल्ह्यातल्या, तिघींना जीआय, म्हणजे त्या-त्या गावची खासियत म्हणून भौगोलिक मानांकन आहे. निलंग्याच्या कॉलेजातल्या पोरानं बोरसुरीच्या एका शेतकऱ्याची डाळ पुण्यातल्या वीस घरी पोचवून दाखवली, तर मी त्याला मुलाखत न घेता कामावर ठेवीन. डाळ फुटली, कुरिअर महाग पडलं, पैसे अडकले, हे सगळं त्याच्या वहीत असलं पाहिजे, नुसता फोटो नको.

एक अडचण येईल, तीही सांगून ठेवतो. व्यापारी आपली वही परक्या पोराला दाखवत नाही. बरोबरच आहे त्याचं. तिथं तुमच्यातल्या कुणी एकदा सोबत जाऊन शब्द द्यावा लागेल. लातूर, उदगीर, नांदेड, परभणी, कुठल्याही बाजारात सरांच्या शब्दाला अजून किंमत आहे.

पुढच्या सत्रात माझ्याकडं चार पोरं पाठवा. मुली असतील तर उत्तम. मानधन फार देता येणार नाही, जाण्यायेण्याचा आणि चहाचा खर्च माझ्याकडं. लॅपटॉप नसला तरी चालेल, वही मात्र आणायला सांगा. पहिले पंधरा दिवस मोबाईल बाजूला ठेवून नुसतं गल्ल्याशेजारी स्टुलावर बसायचं आहे. शिकवायला चाकूरची ती मुलगी असेल, आणि ती जरा कडक आहे.

आपला,
बी.कॉम.चा एक जुना विद्यार्थी
लातूर